हा प्रश्न चहाच्या वेळी घेऊ

स्थलांतर आणि संस्कृती या विषयावरच्या एका विद्यापीठीय परिसंवादात मी श्रोत्यांमध्ये बसले होते. तिसरे सत्र संपायला सात मिनिटे उरली होती. मागच्या रांगेतला एक माणूस उठला. माइक त्याच्यापर्यंत पोचण्यातच दोन मिनिटे गेली. तो म्हणाला, "माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्या मुलांना शाळेची भाषा येत नाही. बाई एकच आहेत. ही मुलं नकोत असं मी म्हणत नाही, पण माझ्या मुलीचं गणित मागे पडतंय. याचं काय करायचं?" सभागृहात कुजबुज झाली. माझ्या शेजारच्या कुणीतरी 'च्च' केले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि हसून म्हणाले, "हा महत्त्वाचा प्रश्न आपण चहाच्या वेळी घेऊ." चहाच्या वेळी तो माणूस भिंतीवरच्या पोस्टरांपाशी कप धरून एकटाच उभा होता.

अशा कार्यक्रमांवरून जो वाद अधूनमधून पेटतो, त्यात हा माणूस कुठेच नसतो. एका बाजूचे म्हणणे असे, की विद्यापीठे जनतेच्या पैशावर एकतर्फी प्रचार करतात. सीमा नकोत, सगळे सारखे, असे गोड गोड बोलून मोकळी होतात. दुसऱ्या बाजूला वाटते, की द्वेषाच्या काळात हे कार्यक्रम म्हणजे मिणमिणता का होईना पण दिवा आहे, आणि त्याबद्दल शंका काढणारा माणूस मनाचा कोता. दोघे एकमेकांच्या उरावर बसलेले दिसतात खरे, पण एका गोष्टीवर त्यांचे छान एकमत आहे: कार्यक्रमाचे काम श्रोत्याचे मत घडवणे. भांडण आहे ते कुठल्या दिशेने घडवायचे एवढ्यापुरते. मला हे गृहीतच नामंजूर आहे. स्थलांतरावर विद्यापीठांनी भरपूर कार्यक्रम घ्यावेत, आजच्यापेक्षा जास्त घ्यावेत. पण ज्या कार्यक्रमात व्यासपीठावरच्या एकालाही आपले म्हणणे मागे घ्यावे लागण्याची भीती नाही, तो विद्यापीठाने घेण्याचे काही कारण नाही. तो एखाद्या सांस्कृतिक मंडळाने घ्यावा, राजकीय पक्षाने घ्यावा, दूतावासाने घ्यावा. ते तो अधिक झोकात करतील.

विद्यापीठाने या फंदात पडावेच कशाला, हा नेहमीचा पहिला आक्षेप. शिकवावे, परीक्षा घ्याव्यात, सीमांचे प्रश्न सरकारवर सोडावेत. हा आक्षेप घेणाऱ्यांना विद्यापीठ कुठून आले याची कल्पना नसते. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात कायदा शिकायला आल्प्सच्या पलीकडून मुले येत. शहराच्या लेखी ती उपरी. नागरिकाचे हक्क नाहीत, आणि आपल्या मुलखातल्या दुसऱ्याच कुणी बुडवलेल्या कर्जापायी यांना धरायची रीत. त्या शतकाच्या मध्याला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्येसाठी प्रवास करणाऱ्यांना संरक्षण देणारे फर्मान काढले आणि दुसऱ्याच्या कर्जासाठी त्यांना वेठीला धरायला मनाई केली. पुढे या मुलांनी आपापल्या मुलखांचे संघ बांधले. त्या संघांचा मिळून जो समूह झाला त्याचे नाव 'उनिव्हेर्सितास', म्हणजे आजचे 'युनिव्हर्सिटी'. पॅरिसला अशाच चार गटांना 'नातिओ' म्हणत, म्हणजे आजचे 'नेशन'. ज्या शब्दाचा आज परक्याला दाराबाहेर ठेवायला उपयोग होतो, तो विद्यापीठाच्या आवारात परक्यांना एकमेकांच्या आधाराने राहता यावे म्हणून वापरला जात होता. तेव्हा स्थलांतर हा विद्यापीठाने बाहेरून आणलेला विषय म्हणता येत नाही. तो त्याच्या जन्मदाखल्यावरच लिहिलेला आहे.

मात्र या वंशावळीवर विद्यापीठांनी फार फुशारकी मारू नये. १९३३ साली जर्मनीत ज्यू आणि विरोधी मतांचे प्राध्यापक नोकरीतून काढले जाऊ लागले, तेव्हा अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी मदत परिषद उभी राहिली. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड तिचे अध्यक्ष होते. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आइन्स्टाइन यांचे भाषण झाले, हॉल खचाखच भरला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये निर्वासित विद्वानांसाठी वेगळे विद्यापीठच निघाले. हे सगळे थोरच. पण ती सोय विद्वानांसाठी होती. ज्याच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता तो शिंपी, तो किराणा दुकानदार वेगळ्या रांगेत उभा होता, आणि ती रांग पुढे सरकत नव्हती. विद्यापीठाला आपल्यासारखा परका चटकन ओळखू येतो. आजही परिसंवादाच्या पत्रिकेवर निर्वासित कवी सापडतो, परागंदा पत्रकार सापडतो. बांधकामावरचा मुकादम किंवा म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला परदेशी गेलेली बाई सहसा सापडत नाही.

एकतर्फीपणाचा आरोप मला बराचसा मान्य आहे. चार वक्ते, चौघांचे एकच मत, आणि मतभेद कशावर, तर 'स्थलांतरित' म्हणायचे की 'स्थानांतरित' यावर. एकमेकांची री ओढण्यात तीन तास जातात. पण हा रोग डाव्या किंवा उदार विचारांचा आहे असे मानणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. मे १८९५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी प्राध्यापक म्हणून आपले पहिले जाहीर व्याख्यान दिले. प्रशिया या जर्मन राज्याच्या पूर्वेकडच्या मोठ्या जमीनदारांना पोलिश हंगामी मजूर स्वस्तात मिळतात, जर्मन शेतमजूर तिथून उठून जातो, तेव्हा पूर्वेची सीमा या मजुरांना बंद करा, असे त्यांनी उघड सांगितले. भाषणातला राष्ट्रवाद आज वाचताना अंगावर येतो. पोलिश माणसाबद्दलची त्यातली काही विधाने सरळ हीन आहेत. तरी ते व्याख्यान लोक अजून वाचतात, त्याच्याशी भांडतात. का? कारण जनगणनेचे आकडे समोर ठेवून वेबर यांनी एक ठाम गोष्ट सांगितली होती, आणि सांगताना आपल्याच देशातल्या जमीनदार सरदारांचे हितसंबंध उघडे पाडले होते. ते कुठे चुकले हे बोट ठेवून दाखवता येते. 'विविधता हे आपले सामर्थ्य आहे' या वाक्यात कुठे बोट ठेवणार? ते चूक असू शकत नाही, म्हणून त्याच्याशी भांडण नाही, म्हणून त्यातून काही शिकायलाही मिळत नाही.

भांडण कसे असावे याचा माझ्या माहितीतला उत्तम नमुना एका शहराचा आहे. १९८० साली एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्युबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे होड्यांनी अमेरिकेला गेली. निम्म्याच्या आसपास मायामीत राहिली. शहराचा कामकरी वर्ग काही महिन्यांत सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. मजुरी कोसळली असेल, असे कुणालाही वाटेल. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली आकडे तपासून सांगितले, की कोसळली नाही. कमी कौशल्याच्या स्थानिक कामगारांच्या मजुरीवरही ठळक परिणाम दिसत नाही. पंचवीस वर्षांनी दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच घटना पुन्हा उकरली. शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांपुरते पाहिले तर मजुरी चांगलीच घसरली होती, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर इतरांनी सांगितले, की त्या गटाचा नमुना फार लहान आहे, आणि मधल्या काळात सर्वेक्षणात कोण मोजले गेले याचे प्रमाणच बदलले होते. वाद मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले तरी मिटलेला नाही. पण या वादातून गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: 'स्थलांतराने मजुरी घटते का?' हा प्रश्नच ढोबळ आहे. कुणाची, किती वर्षांत, आणि मोजली कशी, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

आणि यात एक गंमत आहे, ती मला फार आवडते. स्थलांतरामुळे स्थानिक गरिबाचे नुकसान होते असे मांडणारे बोर्हास स्वतः हवानात जन्मले आणि १९६२ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, अमेरिकेत आले. 'स्थलांतरितांचा आवाज ऐका' असे ज्यांच्या प्रत्येक फलकावर लिहिलेले असते, त्यांनी या आवाजाचे काय करायचे? ऐकायचा, की हा आपल्याला हवा तो आवाज नव्हे म्हणून माइक पुढे सरकवायचा?

आवाजाचा मुद्दा निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही घ्यायला हवी, कारण ती खरोखर वजनदार आहे. संशोधकांनी परक्यांविषयी बोलायचे आणि परक्यांनी समोर बसून ते ऐकायचे, किंवा त्याहून वाईट म्हणजे व्यासपीठाच्या कडेला नाचून दाखवायचे, यात अपमान आहे, असे अनेक जण म्हणतात. बरोबरच म्हणतात. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात फिलिपिन्समधून आणलेली हजारावर माणसे 'वस्त्या' करून ठेवली होती. लोक तिकीट काढून त्यांचे जेवणखाण बघायला येत. शिकागो विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार यांनी त्याच मैदानावर विद्यार्थ्यांचा वर्ग चालवला. आणि त्याच प्रदर्शनाचा भाग म्हणून, त्याच वर्षी सप्टेंबरात, कला आणि विज्ञानांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. परिषदेच्या वक्त्यांत होते फ्रायबुर्गला ते व्याख्यान देणारेच माक्स वेबर. एका मंडपात जगातले नामवंत विद्वान, दुसऱ्या मंडपात कुडाच्या झोपड्यांत माणसे. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आज झोपड्या गेल्या. पण पहिल्या दिवशी संध्याकाळी वेशभूषा, दुसऱ्या दिवशी शोधनिबंध, ही मांडणी कुठून आली? संस्कृती म्हणजे पोशाख आणि ढोलके असे एकदा ठरवले, की भाडेकरार, रोजगाराचा परवाना, मुकादमाने काढून घेतलेला पासपोर्ट, हे सगळे आपोआप 'संस्कृती'च्या बाहेर जाते. आणि परदेशी राबणाऱ्या माणसाचे दिवसाचे चौदा तास नेमके त्याच गोष्टींत जातात.

पण म्हणून 'फक्त स्थलांतरितांनीच बोलावे, संशोधकाने गप्प बसावे' हा उपाय मला पटत नाही. विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांवर १९१८ ते १९२० या काळात पाच खंड प्रसिद्ध केले. झ्नानिएत्स्की आधी वॉर्सामध्ये परदेशी जाणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या कार्यालयात होते, म्हणजे खिडकीच्या पलीकडच्या माणसाशी त्यांचा रोजचा संबंध. या दोघांनी कुटुंबांची खासगी पत्रे शेकड्यांनी जमवली, आणि एका बेकरीवाल्याकडून त्याचे आत्मचरित्र लिहून घेतले. एक अख्खा खंड त्याचा आहे. त्या पत्रांत आई मुलाला विचारते पैसे का पाठवले नाहीस, भाऊ भावाला जमिनीच्या वाटणीवरून टोचतो, कुणी खोटे बोलतो, कुणी दोन पत्रांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. ती माणसे तिथे कुठल्याच बाजूची साक्षीदार नाहीत, आणि संशोधकही त्यांना हवे तसे वाकवू शकत नाही, कारण पत्र वाचकासमोर जसेच्या तसे छापलेले आहे. निष्कर्ष पटला नाही तर वाचकाने पत्रे वाचून आपला काढावा. माणसाला व्यासपीठावर बसवून रडायला लावण्यापेक्षा हा मान कितीतरी मोठा.

आता सर्वांत अवघड आक्षेप. या सगळ्याचा उपयोग काय? कार्यक्रम होतात, अहवाल निघतात, कायदे मात्र व्हायचे तेच होतात. पालथ्या घड्यावर पाणी. याला पुरावा हवा असेल तर मीच देते. १९०७ साली अमेरिकन संसदेने स्थलांतराच्या चौकशीसाठी डिलिंगहॅम आयोग नेमला. १९११ पर्यंत त्याने ४१ खंड तयार केले. त्यासाठी कोलंबिया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८ हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मापे घेतली. कवटीचा आकार म्हणजे वंशाची कायमची खूण असे तेव्हा समजत. बोआस यांनी दाखवले, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत तोही बदलतो. वंशाच्या श्रेष्ठ-कनिष्ठपणाच्या मुळावरच घाव. आणि आयोगाने काय केले? हा खंड इतर चाळीस खंडांच्या शेजारी ठेवला आणि शिफारस केली निर्बंधांची. १९१७ साली साक्षरतेची अट आली, १९२१ आणि १९२४ साली देशवार कोटे आले, दक्षिण आणि पूर्व युरोपची दारे जवळजवळ बंद झाली. आशियाची त्याआधीच झाली होती. उपयोगाच्या भाषेत बोलायचे तर बोआस सपशेल हरले.

तरी गोष्ट तिथे संपत नाही. १९२८ साली बोआस यांनी आपली सगळी कच्ची मापे छापून टाकली, नुसती आकड्यांची कोष्टके. २००२ साली दोन संशोधकांनी ती संगणकावर पुन्हा तपासली आणि म्हटले, बोआस यांनी परिस्थितीचा परिणाम फुगवून सांगितला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या तिघांनी तेच आकडे घेऊन सांगितले, नाही, मूळ मुद्द्यावर बोआस बरोबर होते. शंभर वर्षांपूर्वी मोजलेल्या मुलांवरून आज भांडता येते, ते केवळ बोआस यांनी विरोधकाच्या हातात शस्त्र ठेवले म्हणून. आयोगाची शिफारस लिहिणाऱ्यांशी असे भांडता येत नाही. त्यांनी तसे काही मागे ठेवलेले नाही. कायदा एका मतदानात होतो आणि एका मतदानात जातो, त्याच्या वेगाने विद्यापीठाने पळू नये. आणि पळायचेच नसेल, तर तीन तासांच्या परिसंवादाच्या शेवटी 'ठराव' संमत करण्याची हौस कशासाठी?

अशा कार्यक्रमांना 'जागतिक अभ्यास' म्हणतात, त्या नावाबद्दलही दोन शब्द. मार्च २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आफ्रिकेच्या अर्थकारणावर परिषद झाली. आफ्रिकेतून यायला निघालेल्या एकाही प्रतिनिधीला व्हिसा मिळाला नाही. आफ्रिकेवरची परिषद आफ्रिकेतल्या पाहुण्यांविना पार पडली. व्हिसा देणे विद्यापीठाच्या हातात नसते, हे कबूल. पण परिषद कुठे भरवायची हे संयोजकांच्या हातात असते, आणि ती जगभर बहुतेक वेळा अशाच ठिकाणी भरते जिथे पोचायला भक्कम पासपोर्ट लागतो. शिवाय नजरही विमानतळावरच खिळलेली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२४ साली जन्मदेशाबाहेर राहणारी माणसे सुमारे ३० कोटी ४० लाख होती, जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. देशातल्या देशात हललेल्यांचा आकडा २००९ च्या मानव विकास अहवालाने ७४ कोटी धरला होता. लंडनच्या सांख्यिकी सोसायटीपुढे १८८५ साली 'स्थलांतराचे नियम' मांडणारे भूगोलतज्ज्ञ राव्हेनश्टाइन यांचा पहिलाच नियम होता, की बहुतेक माणसे जवळच जातात. (ते स्वतः फ्रँकफर्टहून लंडनला आलेले. नियमाला अपवाद.) सीमा ओलांडलेल्याचे दुःख जागतिक आणि जिल्हा ओलांडलेल्याचे स्थानिक, ही वाटणी कुणी केली?

एक आक्षेप मात्र मी टाळत आले, कारण तो माझ्या जवळचा आहे. असे अवघड प्रश्न खुल्या सभागृहात घेतले तर त्यांतले अर्धे वाक्य उचलून द्वेषाचा धंदा करणारे पोटभर वापरतील. ही भीती खोटी नाही. त्या दिवशी व्यासपीठावर शाळा आणि भाषा यांवरच काम करणाऱ्या एक बाई होत्या. लिफ्टची वाट बघताना मी त्यांना विचारले, की त्या माणसाला तुम्ही उत्तर का दिले नाही? त्या म्हणाल्या, "काही शाळांत त्याचं म्हणणं बरोबर आहे. कुठल्या, ते मला माहीत आहे. भाषेसाठी वेगळा शिक्षक दिला की फरक पडतो, तेही माहीत आहे. पण पहिलं वाक्य उद्या मथळ्यात गेलं असतं, आणि दुसरं गेलं नसतं." मी मान डोलावली. खरेच होते ते. पण पहिले वाक्य कुणीच न बोलल्यामुळे दुसरेही त्या माणसाला ऐकायला मिळाले नाही, आणि पहिले तर त्याला त्या संध्याकाळीही कुणी ना कुणी सांगणारच होते, दुसऱ्याशिवाय.

लिफ्ट आली तेव्हा तो अजून पोस्टरांपाशीच होता. जगाचा नकाशा, त्यावर जाड-बारीक बाण, बाणांवर आकडे. एका बाणावरचा आकडा तो बोट ठेवून वाचत होता. मधे दहा-बारा पावलांचे अंतर असेल. आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो.